शिल्लक पल्ल्याचा आकडा : डिझेल मोटार आणि इंधनाचा हिशेब

घड्याळ वेळ मोजते, तापमापक उष्णतामान मोजतो आणि तराजू वजन मोजतो. ह्या उपकरणांनी दाखविलेला आकडा थोडाफार चुकेल. पण तो मोजलेला आकडा असतो. आजच्या मोटारींत चालकासमोरील फलकावर आणखी एक आकडा उमटतो : टाकीतील उरलेल्या इंधनावर गाडी अजून किती किलोमीटर जाईल, तो. ह्या आकड्यास आपण 'शिल्लक पल्ला' असे म्हणू. तो वेगाच्या व तापमानाच्या आकड्यांशेजारी, त्यांच्याच ठशात व त्यांच्याच ऐटीत उभा असल्यामुळे पाहणारा त्यालाही मापच समजतो. वास्तविक ते माप नव्हे. जो रस्ता अजून चाकांखाली आलाच नाही, त्यावर किती इंधन जळेल हे कोण मोजणार? शिल्लक पल्ला हे एक भाकीत आहे. ते कशाच्या आधारे केले जाते, कोठे फसते आणि फसले असता डिझेलच्या गाडीस ते अधिक महाग का पडते, ह्याचा विचार ह्या पुस्तिकेत करावयाचा आहे.

हे भाकीत करण्याची रीत प्राथमिक शाळेतील त्रैराशिकाइतकी सोपी आहे. टाकीत किती लिटर इंधन उरले आहे ते पाहावयाचे. गाडी अलीकडे एका लिटरमागे किती किलोमीटर चालली ते पाहावयाचे. आणि दोहोंचा गुणाकार करावयाचा. २० लिटर उरले असतील आणि गाडी लिटरमागे १५ किलोमीटर चालत असेल, तर पल्ला ३०० किलोमीटर. गुणाकारात चूक होत नाही. ज्या दोन संख्यांचा गुणाकार होतो, त्या दोन्ही मात्र डळमळीत असतात.

टाकीतील पातळी

टाकीत एक पोकळ किंवा हलका गोळा इंधनावर तरंगत असतो. त्याला जोडलेली दांडी पातळीबरोबर वरखाली होते आणि तिच्या हालचालीप्रमाणे एका विद्युत्‌मंडलातील रोध बदलतो. रोधावरून पातळी, पातळीवरून लिटर, असा हा अनुमानाचा जिना आहे. ह्याची प्रत्येक पायरी तपासण्याजोगी आहे.

पहिली अडचण टाकीच्या आकाराची. मोटारीची टाकी पाण्याच्या पिंपासारखी सरळ भिंतींची नसते. मागील आसनाखाली, धुराची नळी व चाकांचे आस ह्यांना वाट करून देत, उरलेल्या जागेत ती बसवावी लागते. त्यामुळे ती कोठे फुगीर, कोठे निमुळती असते. पातळी निम्म्यावर आली म्हणजे इंधन निम्म्यावर आले असे त्यामुळे म्हणता येत नाही. टाकी तोंडापर्यंत भरली असता गोळा वरच्या भिंतीला टेकतो, आणि काही लिटर जळून जाईपर्यंत खाली उतरतच नाही. 'पहिली अर्धी टाकी पुष्कळ चालते, दुसरी भराभर संपते' अशी तक्रार चालक करतात तिचे एक कारण हे आहे. इंजिन काही जादा डिझेल पीत नसते.

दुसरी अडचण हालचालीची. घाटात गाडी चढणीला लागली की टाकीतील डिझेल मागे सरते, उतरणीला पुढे. वळणावर ते एका बाजूस चढते. गोळा ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे वाचन वाढते वा घटते. काटा सतत नाचू नये म्हणून संगणक बऱ्याच वाचनांची सरासरी घेऊन तो सावकाश हलवतो. हे डोळ्यांना सुखकर आहे; पण काटा दाखवितो ती पातळी आताची नसून थोड्या वेळापूर्वीची असते.

तिसरी गोष्ट हेतुपुरस्सर केलेली आहे. पल्ला शून्य दिसू लागतो तेव्हा टाकी कोरडी झालेली नसते. तळाशी काही लिटर हिशेबाबाहेर राखलेले असतात. पिवळा दिवा पेटतो तेव्हा अनेक मोटारींत पाचसात लिटर इंधन असते. ही राखण किती, हे प्रत्येक बनावटीत वेगळे, आणि एकाच बनावटीच्या दोन गाड्यांतही अगदी सारखे असेलच असे नाही. ह्या बाबतीत जुनी स्कूटर अधिक प्रामाणिक होती असे आम्हांस वाटते. १९७२ पासून तयार होऊ लागलेल्या चेतक स्कूटरच्या इंधनाच्या तोटीला चालू, बंद आणि रिझर्व्ह अशी तीन स्थाने असत. मुख्य साठा संपला की इंजिन अडखळे. स्वार खाली वाकून तोटी फिरवी आणि 'गाडी रिझर्व्हला लागली' हे त्याला आपल्या हातानेच कळे. आज तीच राखण एका आकड्याच्या पोटात दडविलेली आहे.

उष्णतेने डिझेल प्रसरण पावते, हेही येथे नोंदले पाहिजे. एक अंश सेल्सिअस तापमान वाढल्यास त्याचे आकारमान हजारात सुमारे आठ-दशांश भागाने वाढते. म्हणजे ४५ लिटर डिझेल १५ अंशांनी तापले तर अर्धा लिटर जास्त भरेल. जळून मिळणारी ऊर्जा मात्र तेवढीच राहील. ह्यावरून 'डिझेल पहाटे भरावे, म्हणजे जास्त मिळते' असा एक समज रूढ झाला आहे. पंपावरील साठा जमिनीखाली पुरलेल्या टाक्यांत असतो आणि तेथील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. पहाटे उठण्याचे इतर फायदे असतील; हा त्यांत धरू नये.

थेंबाहून लहान घास

आता दुसरी संख्या : लिटरमागे किलोमीटर. आपल्याकडे सर्रास 'गाडी ॲव्हरेज किती देते?' असे विचारतात. शब्द परका असला तरी आमच्या मते तो फार नेमका आहे, कारण विचारणारा ज्याची चौकशी करतो ती गाडीची अंगची शक्ती नसून खरोखरच एक सरासरी आहे; आणि सरासरी कशाची, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही.

किती डिझेल जळाले हे गाडीला कसे कळते, ही कथा बंगळूर शहराशी निगडित आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडोल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये समाधानकारकपणे चालले. तेव्हापासून आजपर्यंत ह्या इंजिनाचे मर्म म्हणजे त्याचा फवारा. भारतात हे फवाऱ्याचे पंप बनविण्याचे काम १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'मायको'ने, बंगळूरच्या आडुगोडी भागातील कारखान्यात आरंभिले. पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नॉझल होऊ लागले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश असे झाले. तरी जुने मिस्त्री अजून 'मायको पंप' असेच म्हणतात. त्या जुन्या पंपात एक दट्ट्या सिलिंडरागणिक डिझेल ढकली. किती ढकलले, ह्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. चालकाला काट्यावर आणि आपल्या अनुभवावर विसंबून राहावे लागे.

नव्या पद्धतीत सर्व सिलिंडरांसाठी एकच उच्च दाबाची नळी असते. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ ह्या इटालियन मोटारीत ती प्रथम प्रवासी गाडीवर आली. नळीतील डिझेलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पटींपर्यंत जातो. प्रत्येक इंजेक्टर संगणकाच्या आज्ञेने क्षणभर उघडतो आणि मिटतो. नळीतील दाब किती आणि तोंड किती वेळ उघडे राहिले, ह्या दोहोंवरून संगणक आत गेलेले डिझेल काढतो व त्याची बेरीज करीत राहतो.

ही बेरीज किती सूक्ष्म आहे ते पाहण्यासारखे आहे. समजा, चार सिलिंडरांची गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने, लिटरमागे १८ किलोमीटर ह्या दराने चालली आहे. तिला तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर डिझेल लागते. इंजिन मिनिटाला २००० फेरे करीत असेल तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला १००० वेळा पेटतो. चार सिलिंडर मिळून ४०००. तेव्हा एका वेळचा घास पडतो मिलिलिटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब सुमारे मिलिलिटरच्या विसाव्या भागाचा असतो. हा घास त्याच्या निम्म्याहूनही लहान. तोही एका दमात दिला जात नाही. आवाज व धूर कमी व्हावा म्हणून त्याचे दोन-तीन तुकडे करतात. इंजेक्टर झिजला, त्यावर काजळीचा थर बसला, की उघडण्याची वेळ तीच राहून आत जाणारे डिझेल बदलते. संगणकाची बेरीज चुकते ती येथे. चुकीचे प्रमाण विसात एक असले तरी ४० लिटरांच्या हिशेबात २ लिटर इकडचे तिकडे होतात.

पुढचा रस्ता मागच्यासारखाच असेल काय?

आतापर्यंत सांगितलेल्या चुका किरकोळ होत. थोरली चूक उपकरणाची नसून गृहीतकाची आहे. संगणक अलीकडच्या काही अंतराची सरासरी घेतो. काही गाड्यांत हे अंतर थोडे असते, काहींत बरेच लांब. घेतलेली सरासरी तो पुढच्या रस्त्याला लावतो. म्हणजे पुढचा रस्ता मागच्यासारखाच असेल असे तो धरून चालतो. बंगळुरात राहून महामार्गावर ये-जा करणाऱ्या चालकाला हे गृहीतक दर प्रवासात दोनदा खोटे ठरलेले दिसेल.

टॉमटॉम ह्या नेदरलंडमधील कंपनीने २०२३ सालासाठी जगातील शहरांच्या वाहतुकीची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत बंगळूरच्या मध्यभागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागतात असे आढळले. पुणेकरांनी हसू नये. पुण्याचा आकडा २७ मिनिटे ५० सेकंद होता. ताशी २१-२२ किलोमीटर ही झाली सरासरी. सिल्क बोर्डाच्या चौकात संध्याकाळी उभ्या असलेल्या गाडीला ह्या सरासरीचाही हेवा वाटेल. उभी गाडी लिटरमागे शून्य किलोमीटर चालत असते. चालू ठेवलेले डिझेल इंजिन वातानुकूलनासह तासाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल जाळते. महामार्गाच्या १८ किलोमीटरच्या दराने पाहिले तर चाक न फिरता साडेतेरा किलोमीटरांचा पल्ला नाहीसा होतो.

आता एक उदाहरण घेऊ. गाडीच्या टाकीत हिशेबात धरलेले ४५ लिटर डिझेल आहे. पंधरा दिवस ती बंगळुरातच फिरली असून तिचा दर लिटरमागे ११ किलोमीटर पडला आहे. टाकी भरून मालक बेळगावला निघतो. फलक सांगतो : ४९५ किलोमीटर. बेळगाव सुमारे ५०० किलोमीटर दूर. म्हणजे वाटेत डिझेल घ्यावे लागेल असे त्याला वाटते. नेलमंगल मागे पडून तुमकूरचा मोकळा रस्ता लागतो आणि गाडी १८ च्या दराने धावू लागते. १०० किलोमीटरांत साडेपाच लिटर जळतात, साडेएकोणचाळीस उरतात. संगणकाची सरासरी एव्हाना ११ वरून १५ वर आली असेल, तर नवा पल्ला होतो सुमारे ५९० किलोमीटर. गाडी शंभर किलोमीटर पुढे गेली आणि पल्ला घटण्याऐवजी जवळजवळ शंभराने वाढला! ही चूक सुखाची आहे; हिचा कोणाला त्रास होत नाही, आणि म्हणून ती कोणी मनावर घेत नाही.

परतीची चूक उलट्या तोंडाची असते. तीच गाडी महामार्गावरून बंगळुरात शिरते तेव्हा हिशेबातले १० लिटर उरले आहेत आणि ताजी सरासरी १८ आहे. फलक १८० किलोमीटर दाखवितो. मालक म्हणतो, चार दिवसांची निश्चिंती झाली. पण शहराच्या गर्दीत दर ९ वर येतो आणि त्या १८० चे खरे मोल ९० किलोमीटर ठरते. चाळीस किलोमीटर चालल्यावर ऐंशी कमी झालेले पाहून तो गाडी कारखान्यात नेतो व टाकीला गळती आहे काय ते विचारतो. गळती नसते.

दरांची सरासरी काढताना विद्यार्थी एका चकव्यात सापडतात, तो येथेच सांगणे योग्य होईल. १०० किलोमीटर १० च्या दराने आणि १०० किलोमीटर २० च्या दराने गेलो, तर सरासरी दर १५ होत नाही. पहिल्या भागात १० लिटर लागले, दुसऱ्यात ५, एकूण १५ लिटरांत २०० किलोमीटर, दर १३.३. वाईट रस्ता अधिक इंधन खातो म्हणून सरासरीत त्याचे वजनही अधिक पडते. युरोपात १०० किलोमीटरांमागे किती लिटर असे उलट माप वापरतात. त्यात ही फसगत होत नाही, १० आणि ५ ह्यांची सरासरी सरळ साडेसात येते. नियोजनाला तेच माप सोयीचे आहे.

विक्रीच्या वेळी सांगितला जाणारा दर तर ह्याहून निराळा. तो रस्त्यावर काढलेला नसतो. पुण्याच्या टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेत, आणि देशातील अशाच अन्य संस्थांत, गाडीची चाके रुळांवर फिरवून ठरावीक वेगांच्या एका चक्रातून ती चालविली जाते. भारतीय चक्रातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. गाड्यांची आपसांत तुलना करण्यास हा आकडा उत्तम. त्यावर टाकीचा पल्ला काढणे म्हणजे परीक्षेतील गुणांवरून मुलाची भूक ठरविण्यासारखे आहे.

वेगाचाही परिणाम मोठा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि १२० वर सव्वादोन पट. चाकांच्या घर्षणात तशी वाढ होत नसल्यामुळे एकूण इंधन इतके वाढत नाही. पण चित्रदुर्गापासून दावणगेरेपर्यंत मोकळा रस्ता पाहून वेग वाढविणाऱ्याने १८ चा दर धरून चालू नये.

चढ, उतार आणि परतीचे गणित

चढाला किती डिझेल लागते, ह्याविषयी अतिशयोक्ती फार ऐकू येते. हिशेब करून पाहू. पणजी समुद्रकाठी, बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. प्रवासी व सामान धरून १५०० किलोग्रॅमची गाडी तेवढी वर नेण्यास लागणारे कार्य म्हणजे १५०० × ९.८ × ७५०, म्हणजे सुमारे ११० लक्ष ज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लक्ष ज्यूल असतात. त्यांतील पस्तीस टक्के चाकांपर्यंत पोचतात असे धरू, म्हणजे सव्वाशे लक्ष. तेव्हा गोव्याहून बेळगावास चढण्याचा खर्च, सपाट रस्त्याच्या खर्चावर, एक लिटरच्याही आत आहे. वळणावळणाचा मंद वेग व खालचे गिअर ह्यांचे थोडे अधिक धरावे, इतकेच.

लिटर लहान असला तरी तो कोणत्या क्षणी लागतो ह्याला महत्त्व आहे. बंगळूरहून पणजीला, बेळगाव व चोर्ला घाटामार्गे जाणाऱ्या त्याच गाडीचा प्रवास लिटरांत मांडू. शहराबाहेर पडेपर्यंत ३० किलोमीटर, दर ९ : साडेतीन लिटर. बेळगावपर्यंत ४७० किलोमीटर, दर १८ : २६ लिटर. बेळगाव ते पणजी सुमारे १२५ किलोमीटर, बराच उतार : साडेसात लिटर. एकूण ३७; उरले ८. उतारावर गिअरमध्ये असलेल्या गाडीचा पाय वर घेतला की इंजिनाला डिझेल मिळणेच बंद होते, कारण चाकेच इंजिन फिरवीत असतात. त्यामुळे घाट उतरताना ताजी सरासरी फुगते. ती १९ झाली असे धरले तर पणजीत फलक १५२ किलोमीटर दाखवील. बेळगाव १२५ किलोमीटर. सत्तावीस किलोमीटर हाताशी राहतील असे वाटून मालक परत निघतो. परतीचा खर्च असा : १२५ किलोमीटर १८ च्या दराने ७ लिटर, चढाचा १ लिटर. झाले आठ. फलकाने सत्तावीस किलोमीटरांची जी शिल्लक सांगितली होती, ती शून्य आहे. आणि ती शून्य होते जांबोटीच्या आसपासच्या रानात, जेथे रात्री पंपावर भिस्त ठेवता येत नाही.

तेव्हा प्रवासाचे नियोजन किलोमीटरांत न करता लिटरांत करावे, आणि रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला त्याचा दर लावावा. विमानचालनात हीच रीत आहे. तेथे मार्गासाठी लागणारे इंधन, त्यावर अनपेक्षित वाढीसाठी सामान्यतः पाच टक्के, उतरता न आल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंतचे, आणि शेवटी जेट विमानास ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे, अशी वेगवेगळी खाती असतात. शेवटची राखण किलोमीटरांत न मांडता मिनिटांत मांडलेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेवढे करूनही मापाची चूक आड येते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनदर्शक बंद होते. इंधन पट्टीने लिटरांत मोजले गेले; परंतु लिटरांचे किलोग्रॅम करताना पौंडाचा गुणक वापरला गेला आणि २२,३०० किलोग्रॅमच्या ठिकाणी निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले. दोन्ही इंजिने आकाशात बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर घरंगळत उतरविले, आणि कोणी दगावले नाही. संगणकाला जे आकडे दिले होते त्यांप्रमाणे इंधन पुरेसे होते.

मोटारीलाही मिनिटांची राखण हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. २०१९ मध्ये ती कित्येक दिवस बंद राहिली. वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या. अशा वेळी पुढचा पंप किती किलोमीटरांवर आहे हे माहीत असून उपयोग नसतो. पाऊण लिटरच्या दराने दहा तास इंजिन चालू ठेवावे लागले तर साडेसात लिटर जातील, आणि त्यानंतर वळसा घेऊन मागे फिरावे लागेल. पावसाळ्यात ह्या मार्गावर टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नये, असे आम्ही म्हणतो ते ह्या हिशेबाने.

डिझेल संपले असता

पेट्रोलची गाडी इंधनाअभावी थांबली, तर कॅनमधून चारपाच लिटर आणून ओतले की बहुधा चालू होते. डिझेलचे तसे नाही. टाकी कोरडी पडली की पंप हवा ओढतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असला की दाब चढत नाही आणि इंजेक्टरमधून फवारा सुटत नाही. ती हवा काढून टाकावी लागते. जुन्या गाड्यांत गाळणीवरील हातपंप दाबून, नव्यांत किल्ली चालू स्थितीत पुनःपुन्हा फिरवून विजेच्या पंपाकरवी हे करतात. त्याहून गंभीर बाब अशी की, उच्च दाबाच्या पंपाला वेगळे वंगण नसते. त्यातून वाहणारे डिझेलच त्याचे वंगण. कोरडा फिरलेला पंप स्वतःलाच खरवडतो, आणि धातूचा कीस पुढे इंजेक्टरांत जातो. दोनशे रुपयांचे डिझेल वेळेवर न भरल्याने संपूर्ण फवारायंत्रणा बदलण्याची पाळी येऊ शकते.

रिकाम्या टाकीत तळाचा गाळ वर ओढला जातो, असे जे सांगितले जाते ते मात्र अर्धवट खरे आहे. डिझेल ओढणारी नळी पहिल्यापासून तळाशीच असते. टाकी भरलेली असतानाही ती तळाचेच ओढते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही मानके लागू झाल्यावर डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारा गाळप बसू लागला. त्यात साठलेली काजळी काही शे किलोमीटरांमागे एकदा जाळावी लागते. त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान हवे. ते आणण्याकरिता इंजिन जादा डिझेल फवारते. लांबच्या सरळ रस्त्यावर धूर पुरेसा तापतो व काजळी बरीचशी आपोआप जळते. बंगळूरच्या चौकाचौकांत थांबणाऱ्या गाडीत ती जळत नाही, म्हणून जादा फवाऱ्याचा प्रसंग वारंवार येतो, आणि त्या काही मिनिटांत दर एकाएकी खाली येतो. बऱ्याच गाड्यांत ह्याची सूचना फलकावर दिसत नाही; चालकाला फक्त पल्ला अकारण घटलेला दिसतो. इंधन फार कमी असल्यास कित्येक गाड्या ही सफाई पुढे ढकलतात, आणि गाळप अधिकच भरतो.

आपला दर आपण काढणे

आपल्या गाडीचा खरा दर काढण्यास कोणतेही उपकरण नको. वही व पेन्सिल पुरे. टाकी भरावी, किलोमीटर नोंदवावेत; पुढच्या वेळी पुन्हा भरावी आणि घातलेल्या लिटरांनी मधल्या किलोमीटरांना भागावे. एस.टी.च्या आगारांत प्रत्येक गाडीत किती डिझेल घातले व ती किती धावली ह्याची नोंद ठेवतात, तीच ही रीत. अडचण एवढीच की डिझेल भरताना फेसाळते. फेस वर आला की पंपाची तोटी आपोआप बंद होते, टाकी भरली नसली तरी. त्यामुळे 'भरली' म्हणजे किती, ह्यात दीडदोन लिटरांचा फरक पडू शकतो. एका वेळच्या ४० लिटरांत २ लिटरांची चूक पाच टक्के होते. पाच वेळच्या २०० लिटरांत तीच चूक एक टक्का उरते, कारण मधल्या भरण्यांच्या चुका परस्परांत मिटतात व फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची चूक राहते. शक्य तर एकाच पंपावर, पहिल्यांदा तोटी बंद होईल तेथेच थांबावे. पंपाच्या मापाविषयी शंका असल्यास प्रत्येक पंपावर शिक्का मारलेले ५ लिटरांचे माप असते. ते ग्राहकाला मागता येते. त्यात २५ मिलिलिटरांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. डिझेलच्या घनतेची त्या दिवसाची नोंदही पाहता येते.

अशा सात-आठ भरण्यांनंतर वहीत शहराचा आणि महामार्गाचा असे दोन दर वेगळे झालेले दिसतील. त्यांच्या शेजारी त्या त्या वेळचा फलकावरील दर लिहावा. फलक नेहमी एकाच बाजूस, समजा शेकडा पाचाने, जास्त सांगत असेल तर ती चूक निरुपद्रवी आहे. दर वेळी तेवढी वजा करता येते. कधी जास्त, कधी कमी सांगत असेल तर इंजेक्टर तपासून घ्यावेत. मे महिन्यातील वातानुकूलनाचे दर आणि जुलैतील ओल्या रस्त्यांचे दर एकाच रकान्यात मिसळू नयेत.